खेळाडू गेला, बदल्यात कोण आलं? : बेसबॉलमधल्या अदलाबदलींची साखळी अशी शोधा

बेसबॉल नव्याने पाहू लागलेल्या वाचकांचे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला असा, ‘आमच्या संघाने अमुक खेळाडू देऊन टाकला, त्याच्या बदल्यात आलेले पुढे कुठे गेले आणि शेवटी संघाच्या हाती काय राहिलं, हे शोधायचं कसं?’ दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो, ‘साखळी वीस वर्षं चालली, म्हणजे सौदा चांगलाच झाला ना?’ पहिल्या प्रश्नाला ठरलेली पद्धत आहे आणि थोडी चिकाटी असेल तर ती कोणालाही जमते. दुसऱ्याचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. जमिनीच्या फेरफार नोंदींवरून ती कोणाकडून कोणाकडे गेली हे कळतं, किती पिकली हे कळत नाही. अदलाबदलींच्या साखळीचंही तसंच आहे. ही मर्यादा लक्षात ठेवून साखळी काढलीत तर ती संघाचा इतिहास उलगडून दाखवते. विसरलात तर तीच साखळी तुमची दिशाभूल करते.

आयपीएलची सवय असलेल्यांनी एक फरक आधीच समजून घ्यावा. आयपीएलमध्येही खेळाडू संघ बदलतात, पण २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे परतला तो रोख व्यवहारात, आणि दर काही वर्षांनी होणारा मोठा लिलाव बहुतेक धागे तोडून टाकतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये असा लिलाव होत नाही. खेळाडूचा करार त्याच्याबरोबर नव्या संघात जातो आणि व्यवहार मुख्यतः खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असाच होतो. दोन-दोन दशकं चालणाऱ्या साखळ्या तिथे दिसतात त्या यामुळेच.

आधी प्रश्न ठरवा

साखळी दोन दिशांनी काढता येते. आज संघात असलेल्या खेळाडूपासून मागे जायचं, की पूर्वी गेलेल्या खेळाडूपासून पुढे यायचं, हे आधी ठरवा. मागे जाताना मूळ सापडेपर्यंत थांबू नका. ज्याच्यासाठी संघाने दुसरा खेळाडू दिलेला नाही तो मूळ: ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडलेला, परदेशातून हौशी खेळाडू म्हणून करारबद्ध केलेला किंवा फ्री एजंट (करारातून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून घेतलेला. पुढे येताना मात्र एका खेळाडूच्या बदल्यात चौघे येतात आणि त्या चौघांच्या चार वाटा होतात, त्यामुळे साखळीचा वृक्ष होतो. नवख्यांनी मागे जाण्यापासून सुरुवात करावी. फांद्या कमी फुटतात आणि चूक लवकर लक्षात येते.

त्याच वेळी कोणता व्यवहार कडी म्हणून धरायचा, याचा नियम कागदावर लिहून ठेवा. मध्येच नियम बदलला की तक्ता बिघडतो. पर्याय साधारण असे आहेत:

- खेळाडूच्या बदल्यात खेळाडू: ही पक्की कडी. इथे वाद नाही.
- रोख रक्कम: फांदी तिथेच संपते. १९१९ च्या अखेरीस बॉस्टनने बेब रूथला १ लाख डॉलरना न्यूयॉर्क यांकीजला विकलं. त्या पैशाचं पुढे काय झालं हा इतिहासाचा विषय झाला, साखळीचा नाही.
- ड्राफ्टमधली निवड: मेजर लीगमध्ये सर्वसाधारण निवडी विकता किंवा बदलता येत नाहीत. लहान बाजारपेठेच्या संघांना समतोलासाठी मिळणाऱ्या जादा निवडी तेवढ्या देता-घेता येतात, त्या कडी म्हणून धरा.
- भरपाईची निवड: फ्री एजंट निघून गेल्यावर त्याच्या जुन्या संघाला मिळणारी निवड. हिच्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. माझा सल्ला: धरा, पण तुटक रेषेने दाखवा.

भरपाईची निवड सोडून का देऊ नये, याचं सर्वांत ठळक उदाहरण माइक ट्राउट. एंजल्स संघाने २००१ च्या ड्राफ्टमध्ये केसी कॉचमनला निवडलं. २००८ च्या जुलैत त्याला अटलांटाला देऊन मार्क टेक्सेरा आणला. हंगाम संपल्यावर टेक्सेरा फ्री एजंट होऊन यांकीजकडे गेला, त्याची भरपाई म्हणून एंजल्सना यांकीजची २००९ ची पंचविसावी निवड मिळाली आणि त्या निवडीवर त्यांनी ट्राउटला घेतलं. फक्त खेळाडूंची अदलाबदल धरणारा तक्ता टेक्सेरापाशी ‘काहीच मिळालं नाही’ असं सांगेल. पण ट्राउट मिळाला ही त्या निवडीचीच कमाई नव्हे. बहुतेक संघांनी त्याला डावलून दुसऱ्यांना निवडलं होतं. म्हणून रेषा हवी, आणि ती तुटक हवी.

नोंदी कुठे मिळतील, तक्ता कसा मांडाल

१. बेसबॉल-रेफरन्सवर प्रत्येक खेळाडूच्या पानाच्या तळाशी त्याच्या व्यवहारांची तारीखवार यादी असते. तिथून सुरुवात करा.
२. तीच नोंद रेट्रोशीटच्या व्यवहारसंग्रहाशी ताडून पाहा. जुन्या काळासाठी हा संग्रह विशेष उपयोगी आहे.
३. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ द्या. रकाने असे: तारीख, कोण गेले, कोण आले, समोरचा संघ, आलेला प्रत्येक जण पुढे कसा गेला.
४. तारीख पूर्ण लिहा. एकाच दिवशी दोन व्यवहार होतात, तेव्हा नुसतं वर्ष पुरत नाही.
५. तक्ता पूर्ण झाला की शेवटच्या नावापासून उलट मुळापर्यंत या. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत तर मधली एखादी नोंद निसटली आहे असं समजा.

एक नमुना: क्लीव्हलंडची कोलोन साखळी

क्लीव्हलंडने बार्टोलो कोलोन या पिचरला १९९३ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून करारबद्ध केलं. हे मूळ. २७ जून २००२ रोजी कोलोन आणि टिम ड्रू यांना माँट्रियल एक्स्पोजकडे पाठवून संघाने क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर, ब्रँडन फिलिप्स आणि ली स्टीव्हन्स असे चौघे आणले. तेव्हा एक्स्पोज संघ मेजर लीगच्याच मालकीचा होता आणि तो गुंडाळला जाण्याची टांगती तलवार होती. भविष्याची राखण करण्याचं कारणच त्यांच्यापाशी उरलं नव्हतं, म्हणून इतकी गुणी मुलं त्यांनी देऊ केली. चौघांच्या चार वाटा पाहा:

- ली स्टीव्हन्स: थोडे दिवस खेळून संघाबाहेर. फांदी संपली.
- ग्रेडी साइझमोर: २००६ ते २००८ सलग तीन वर्षं ऑल-स्टार. नंतर दुखापतींनी ग्रासला आणि कोणत्याही अदलाबदलीत गेला नाही. फांदी संपली.
- ब्रँडन फिलिप्स: एप्रिल २००६ मध्ये सिनसिनाटीला, बदल्यात जेफ स्टीव्हन्स. स्टीव्हन्सला आणखी दोघांसह शिकागो कब्जला देऊन मार्क डीरोसा. २००९ मध्ये डीरोसाला सेंट लुईसला देऊन ख्रिस पेरेझ आणि जेस टॉड. पेरेझ दोनदा ऑल-स्टार झाला आणि २०१३ च्या हंगामानंतर संघाने त्याला मुक्त केलं.
- क्लिफ ली: २००८ मध्ये २२ विजय, ३ पराभव आणि साय यंग पुरस्कार. जुलै २००९ मध्ये बेन फ्रान्सिस्कोसह फिलाडेल्फियाला, बदल्यात कार्लोस कर्रास्को, लू मार्सन, जेसन डोनाल्ड आणि जेसन नॅप.

लीची फांदी सर्वांत लांब गेली. जानेवारी २०२१ मध्ये कर्रास्को आणि फ्रान्सिस्को लिंडोर न्यूयॉर्क मेट्सकडे गेले. आंद्रेस हिमेनेझ, आमेद रोसारियो आणि आणखी दोन तरुण आले. २०२३ च्या जुलैत रोसारियोच्या बदल्यात डॉजर्सकडून नोआ सिंडरगार्ड आला आणि काही आठवड्यांतच त्याला सोडून देण्यात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये हिमेनेझ आणि निक सँडलिन टोरांटोला गेले, बदल्यात स्पेन्सर हॉरविट्झ आणि निक मिचेल आले. त्याच दिवशी हॉरविट्झला पिट्सबर्गकडे पाठवून लुईस ऑर्टिझसह तीन पिचर मिळवले. हॉरविट्झ क्लीव्हलंडकडून एकही सामना खेळला नाही, तरी त्याला तक्त्यातून गाळू नका, नाहीतर हिमेनेझच्या बदल्यात ऑर्टिझ टोरांटोकडून आला असं खोटं चित्र उभं राहील. १९९३ चा करार आणि २०२४ चा व्यवहार अशा रीतीने एका रेषेत येतात.

चकवे कुठे आहेत

- ‘नाव नंतर सांगू’ असा खेळाडू: व्यवहारात एका बाजूचा खेळाडू नंतर ठरवता येतो, मुदत सहा महिने. वरचा जेफ स्टीव्हन्स असाच नंतर ठरला. म्हणून सौद्याच्या दिवशीची बातमी पुरेशी मानू नका, पुढच्या सहा महिन्यांच्या नोंदी पाहा. १९६२ मध्ये क्लीव्हलंडने हॅरी चिटीला मेट्सकडे दिलं आणि नंतर ठरलेला खेळाडू म्हणून चिटीच परत आला. अशी कडी स्वतःवरच वळते.
- बदललेलं नाव: १९९६ मध्ये सिअ‍ॅटलने डेव्ह हॉलिन्ससाठी मिनेसोटाला नंतर ठरवून जो तरुण दिला त्याचं नाव नोंदीत डेव्हिड अरियास होतं. तोच पुढे डेव्हिड ऑर्टिझ म्हणून गाजला.
- एकाच नावाचे दोघे: २०१९ च्या व्यवहारात क्लीव्हलंडकडे लोगन अ‍ॅलन नावाचा डावखुरा पिचर आला. २०२० च्या ड्राफ्टमध्ये संघाने त्याच नावाचा दुसरा डावखुरा पिचर निवडला. जन्मतारीख पाहिल्याशिवाय नाव तक्त्यात घालू नका.
- तीन संघांचा व्यवहार: डिसेंबर २०१२ मध्ये क्लीव्हलंडने शिन-सू चू आणि जेसन डोनाल्डला सिनसिनाटीकडे पाठवलं, पण ट्रेव्हर बॉवर आला तो अ‍ॅरिझोनाकडून. अशा वेळी ‘कोणाकडून’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या संघातून गेलेले एका बाजूला आणि आलेले दुसऱ्या बाजूला लिहा.
- संघाचं नवं नाव, नवं शहर: एक्स्पोज २००५ पासून वॉशिंग्टन नॅशनल्स झाले, क्लीव्हलंडचा संघ २०२१ पर्यंत इंडियन्स होता, २०२२ पासून गार्डियन्स आहे. साखळी संस्थेची धरा, नावाची नाही.
- परत आलेला खेळाडू: कर्रास्को २०२४ मध्ये पुन्हा क्लीव्हलंडला आला, पण फ्री एजंट म्हणून. ही जुनी फांदी नव्हे, नवं मूळ. साइझमोरचंही तसंच: २०११ च्या हंगामानंतर संघाने त्याच्या कराराची मुदत वाढवली नाही आणि काही दिवसांनी त्याच्याशी नवा करार केला. काटेकोर पाहिलं तर जुनी फांदी तिथेच संपली.

लांबी हे यशाचं माप का नाही

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. कोलोनची साखळी लांब आहे यात शंका नाही. पण तिच्यातला सर्वांत मोठा लाभ कोणत्या कडीत आहे? लीचा साय यंग हंगाम, साइझमोरची ऑल-स्टार वर्षं, कर्रास्कोची दशकभराची सेवा; यातलं बरंचसं पहिल्या दोन व्यवहारांतच मिळून गेलं. पुढच्या कड्यांत तर कोलोनचा वाटा झपाट्याने पातळ होत जातो. २०२१ च्या व्यवहारात मेट्सना मुख्यतः हवा होता तो लिंडोर, आणि लिंडोर हा क्लीव्हलंडने २०११ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू. हिमेनेझला मुळं दोन आहेत, आणि जाड मूळ लिंडोरचं आहे. बॉवरपर्यंत पोहोचणारी रेषाही कोलोनपासून निघते, पण ती डोनाल्डच्या बारीक धाग्यावरून जाते. बॉवर आला तो मुख्यतः चूमुळे, आणि चूची वाट बेन ब्रुसार्डवरून रसेल ब्रॅनियनपर्यंत मागे जाते. तक्त्यावर या सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या दिसतात. वाचणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

याच्या उलट टोकाला जेफ बॅगवेल आहे. ३० ऑगस्ट १९९० रोजी बॉस्टनने हंगामाच्या उरलेल्या दिवसांसाठी लॅरी अँडरसन हा रिलीफ पिचर ह्यूस्टनकडून घेतला आणि मायनर लीगमधला बॅगवेल दिला. बॅगवेल १९९१ ते २००५ अशी संपूर्ण कारकीर्द ह्यूस्टनसाठी खेळला, ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ह्यूस्टनची साखळी एका कडीत संपते, कारण त्याला देऊन टाकण्याची वेळच आली नाही. १९६४ मध्ये कब्जकडून सेंट लुईसला आलेला लू ब्रॉक १९७९ ला तिथूनच निवृत्त झाला. तीही साखळी एका कडीची. लांबीवर गुण द्यायचे ठरवलं तर बेसबॉलच्या इतिहासातले हे दोन गाजलेले सौदे तळाला जातील.

यावर एक आक्षेप येतो: हे तारे अपवाद आहेत, एरवी खेळाडूंचं मोल कमी होण्याआधी त्यांना बदलून साखळी चालू ठेवणं हेच व्यवस्थापनाचं कसब नाही का? कसब आहे, हे मान्य. पण मागची सक्तीही पाहा. मेजर लीगमध्ये सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू फ्री एजंट होऊ शकतो. २०२१ मध्ये लिंडोरच्या हाती एकच हंगाम उरला होता. म्हणजे लांब साखळी पुष्कळदा एवढंच सांगते की या संघाने आपले चांगले खेळाडू मुदत संपण्याआधी सोडले. शिवाय श्रेय कोणाचं, हाही प्रश्न आहे. २००२ चा व्यवहार मार्क शपायरो यांच्या काळातला, २०२१ आणि २०२४ चे ख्रिस अँटोनेटी यांच्या. नंतरच्यांच्या चांगल्या-वाईट निर्णयांचं खापर किंवा श्रेय पहिल्या सौद्यावर टाकणं न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: मग प्रत्येक खेळाडूने संघाला मिळवून दिलेल्या जादा विजयांचे आकडे साखळीत मांडले की हिशेब पूर्ण होईल. काही अंशी होतो, पण तीन पथ्यं पाळा:

- खेळाडूने तुमच्या संघासाठी मिळवलेलंच मोजा. फिलाडेल्फियाकडचा ली क्लीव्हलंडच्या खात्यात येत नाही.
- दोन मुळांच्या खेळाडूचं मोल दोन्ही साखळ्यांत पूर्ण धरू नका. एकतर वाटून द्या किंवा ‘सामायिक’ असा शेरा मारा.
- वेळेचं मोल विसरू नका. १९८७ मध्ये डेट्रॉइटने तरुण जॉन स्मॉल्ट्झ अटलांटाला देऊन डॉयल अलेक्झांडर आणला. स्मॉल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणून हा सौदा फसलेला समजतात. पण अलेक्झांडरने त्या उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला. संघाला हवं होतं तेच मिळालं.

वेगवेगळ्या काळातल्या साखळ्या शेजारी ठेवून तुलना करण्याआधीही थांबा. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सायट्झ यांच्या निर्णयाने खेळाडूला संघाशी कायमचं बांधून ठेवणारी तरतूद निकालात निघाली. त्याआधी खेळाडू आपणहून निघून जाऊच शकत नसे. नंतरच्या काळात कितीतरी फांद्या मोबदल्याविना तुटतात, त्यात व्यवस्थापनाची चूक असतेच असं नाही.

हक्क: खेळाडूचे आणि तुमचे

साखळीत एखादा ठरलेला सौदा अचानक नाहीसा झालेला दिसला, तर खेळाडूचा नकाराधिकार तपासा. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू अदलाबदलीला नकार देऊ शकतो. १९७३ मध्ये शिकागो कब्जच्या रॉन सँटोने हा अधिकार पहिल्यांदा वापरून कॅलिफोर्नियाला जाणं नाकारलं. काही व्यवहार वरूनही रद्द होतात: १९७६ मध्ये ओकलंडने वायडा ब्लू, जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांची केलेली रोख विक्री आयुक्त बोवी कून यांनी मोडून काढली. अशा व्यवहारांची नोंद शेऱ्यात ठेवा, कडी म्हणून नको.

तुम्ही काढलेला तक्ता छापायचा किंवा इतरांना द्यायचा असेल तर:

- कोण, कधी, कोणाच्या बदल्यात गेला ही निव्वळ तथ्यं आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानुसार तथ्यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो.
- रेट्रोशीटची माहिती वापरलीत तर त्यांनी ठरवून दिलेली श्रेयसूचना सोबत छापावी लागते. माहिती मोफत आहे, अट एवढीच आहे.
- संघांची बोधचिन्हं नोंदणीकृत आहेत. त्यांच्याऐवजी संघाचं नाव अक्षरात लिहा.
- दुसऱ्याने काढलेली आकृती जशीच्या तशी उचलू नका. तथ्यं मोकळी असली तरी मांडणी त्याची असते.

तक्त्याखाली काय लिहाल

तक्ता पूर्ण झाल्यावर त्याखाली तीन गोष्टी लिहा: तो कोणत्या प्रश्नासाठी काढला, कडी धरण्याचा नियम कोणता होता आणि माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण चालू फांदी उद्याच्या एका व्यवहाराने बदलते. सौदा चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर त्याचा कागद वेगळा ठेवा आणि त्यावर फक्त त्या एका व्यवहाराचं लिहा: त्या दिवशी संघाला काय हवं होतं, काय दिलं, काय मिळालं. सुरुवात म्हणून आपल्या आवडत्या संघातला अदलाबदलीत आलेला एखादा खेळाडू निवडा आणि मुळापर्यंत मागे जा. वाटेत दोन मुळांचा खेळाडू भेटला की तिथे थांबून कोणतं मूळ जाड आहे ते ठरवा, आणि तसं ठरवण्याचं कारण शेऱ्यात लिहून मगच पुढे जा.